डावा दंड

निळ्या झाकणाचा डबा खांद्याला,
बर्फ विरघळायच्या आत सात घरं.
शेवटचं दुर्पताबाईचं.
अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली.

"वय?"
"लिही तुह्या मनानं."
मागच्या साली अडुसष्ट लिहिलं होतं,
मी एक वाढवते.

"सुया पोट्ट्याईले असतात वो.
मले कायले? मी चार दिसाची पाहुणी."
या पाहुणीनं कालच
खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवलीय
एकवीस दिवसांच्या हिशेबानं.
मी काही बोलत नाही, टोपलीकडं बघते.

मागच्या हिवाळ्यात तिचा खोकला
बोडीच्या पारीवर ऐकू यायचा.

ती पदर सरकवते. डाव्या दंडावर
बटणाएवढा वण, देवीच्या टोचणीचा.
"सायकलवाला डाक्तर आल्ता.
मी धानाच्या ढोलीत लपली.
मायनं कान धरून काहाडली."
मग जरा थांबून,
"सोनी नाही सापडली त्याईले.
लय दूर लपली होती."

कोंबडी टोपलीत कूस बदलते.

"इथंच टोच, याच्या बाजूले.
संगत होईल."

कापूस दाबून धरत विचारते,
पुढची कधी?
आणि चुलीतला कोळसा घेऊन
भिंतीवर, अंड्यांच्या रेघांखाली,
एक लांब रेघ ओढते.