रिकीब

नारिनच्या रुग्णालयात
बूट कापून काढावा लागला.
तोलोगोन म्हणतो, पायरीवरून घसरलो.

डॉक्टर झिल्दिझ फिल्म उजेडाला धरते:
अंगठ्यामागचं हाड आत सरकलंय,
उरलेली चार बाहेर,
वाटण्यांनंतरच्या भावांसारखी.

वर्गीकरणात याला एक अक्षर आहे.
पायरीवर ते सहसा मिळत नाही;
पाऊल रिकिबीत अडकावं लागतं
आणि जनावर उधळावं लागतं.

ती काही बोलत नाही.
सूज उतरून
कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत
नऊ दिवस थांबते.
मग तीन स्क्रू, दोन तारा.

शुद्धीवर येताच तो विचारतो,
"घोडी विकली नाही ना पोरांनी?"

"कुठली घोडी?"
ती केसपेपर ओढते,
अक्षर खरं तेच लिहिते,
कारणापुढे: पायरी.