शिंगांचा पेंटर

फ्लेक्स आलं तसं माझ्याकडं शिंगंच उरली.
देवणीपासून दोन कोसांवरच्या या गावात
'दळण दळून मिळेल' आणि 'उधार मागू नये'
ही अक्षरं माझीच, आता ऊन खात बसलेली.
पोळ्याला मात्र पहाटेपासून
दारात बैलांची रांग,
आणि मी, नरसिंग पेंटर,
उरल्यासुरल्या डब्यांतलं ऑइलपेंट ढवळत
प्रत्येकाला सांगायचो :
रंग पक्का आहे, पुढच्या पोळ्यापर्यंत हलणार नाही.

हलला नाही.
गेल्या साली वानेऱ्याच्या शिंगावरून
टर्पेंटाइनचा एक ओघळ
कानशिलावरून उतरला डोळ्यात.
मी फडक्यानं पुसला. पुढचा बैल घेतला.

संध्याकाळी वेशीत, तोरणाखाली,
गोरोबानं लड लावली.
अर्ध्या डोळ्यानं बघणारा बैल
धूर बघून उधळला,
माणसं फाकली, बाभळीचं कुंपण फाटलं,
सोजरबाईनं कासरा सोडला नाही
म्हणून तिचं मनगट मोडलं.
दिवाळीपर्यंत तिचा हात गळ्यात,
दिवाळीपर्यंत त्याचा डोळा गळत.
लड कुणाची, ओघळ कुणाचा,
बाईनं कुणालाच विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जनावरांच्या दवाखान्यातले उबाळे
काचेच्या तुकड्यानं माझा पक्का रंग खरवडत म्हणाले,
"लाकूड नव्हं पेंटर हे,
आतून जितं असतंय शिंग."
चाळीस वर्षं रंगवलं.
मला वाटायचं, टोकापर्यंत नुसतं हाड.

औंदा खांदेमळणीच्या सांजेला
सोजरबाई वानेऱ्याच्या खांद्याला
हळद-लोणी चोळत होती, डाव्या हातानं जरा हळू.
"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या,"
बैलाच्या कानात म्हणाली,
आणि मान न वळवता, त्याच सुरात,
"पेंटर, तुम्ही बी या."

मी रात्रभर पाटा-वरवंटा घेऊन बसलो.
गेरू वाटला, बाभळीच्या डिंकात कालवला.
हळदीला चुन्याची निवळी दाखवली,
ती लाजल्यागत लाल झाली.
दिव्याची काजळी एरंडेलात खलली काळ्या रेघेसाठी.
बायको म्हणाली, काय करायलाव हे, मसाला का रंग?
बोट चाटून दाखवलं.
तिनं तोंड वाकडं केलं, पण हसली.

सकाळी रांगेतली पोरं कुरकुरली,
चमकत नाही म्हणाली, गुळगुळीत नाही म्हणाली,
दोघं तर तालुक्याहून चंदेरी स्प्रे घेऊन आलेली.
त्यांचे बैल त्यांनी रंगवले. मी काय बोलणार?
बाकीच्यांनी झेंडूच्या माळा घातल्या,
अंबाडीचे गोंडे वळले,
बेगड घरीच ठेवली.

वेशीत गोरोबा आला. हात मोकळे.
बोलला नाही कुणाशी,
वानेऱ्याच्या दुखऱ्या डोळ्याच्या बाजूनं
नुसता चालत राहिला, तळहाताचा आडोसा धरून.
हलगीवाल्यानं ते बघितलं
आणि बैल तोरणाखालून जाईपर्यंत
हलगीवर पंजा पसरून
कातडं गप्प धरलं.
एवढ्या मोठ्या गावात
तेवढा वेळ फक्त घागरमाळ वाजली.

रात्री सर आली.
सकाळी बघतो तर वानेऱ्याची शिंगं
जशी आईच्या पोटातून आली तशी, कोरी.
शेजारचा बैल त्याची मान चाटत होता,
जीभ गेरूनं लाल. चाटो.
आयुष्यात पहिल्यांदा माझा रंग कच्चा निघाला
आणि मी तिथंच उकिडवा बसून बघत राहिलो.

गोठ्याच्या भिंतीवर, पाऊस पोचला नव्हता तिथं,
बैलानं शिंग घासलं होतं.
दोन तांबडे फराटे,
एक आखूड, एक वेलांटीसारखा वळलेला.

दसऱ्याला सोजरबाईनं सगळा गोठा सारवला,
तेवढी भिंत सोडून.