सतरा मिनिटं

पंचेचाळीस मिनिटांचा पाठ
सतरा मिनिटांत संपला.
मग भिंतीवरचं घड्याळ आणि मी
एकमेकांकडे बघत राहिलो.
मागे मिस्टर हॉल्वर्सन काहीतरी लिहीत होते,
थांबत होते, पुन्हा लिहीत होते.

ऑर्ड, नेब्रास्का. मार्च, अजून बर्फ.
फळ्यावर माझ्या हातचे गाईच्या पोटाचे चार कप्पे,
बाणबिण काढून.
शेवटच्या बाकावर कोल्बी गाढ झोपलेला.
त्याच्या नावापुढे मी फुली मारली,
मग बाकावर टिचकी.

'पहिलारू होती, मॅम. रात्री दोनला.
वासराचे मागचे पाय आधी आले.'
कुणी हसलं नाही.
मी म्हटलं, मग?
त्याने बाही वर केली. कोपरापर्यंत ओरखडे.
'कळ येईल तेव्हाच ओढायचं,
एरवी नुसतं धरून ठेवायचं.'
आणि वासरू?
'आहे. आमच्या बाथटबमध्ये.'

घंटा झाली तरी कुणी उठेना.

संध्याकाळी हॉल्वर्सनांचा कागद मिळाला:
वेळेचा अंदाज नाही.
खाली, वेगळ्या पेनाने:
उरलेली अठ्ठावीस मिनिटं कुणी आखली होती?

हजेरीपट उघडला, खोडरबर शोधलं.
फुली शाईची होती.