पुस्तकातली होडी

सहा चाळीसची फेरीबोट.
रायबंदर ते दिवाडी सात मिनिटं,
म्हणजे दोन मिनिटांना एक, असे साडेतीन प्रश्न.
सर म्हणतात, अर्धा सोडून द्यायला शिका,
मॅनेजमेंट म्हणतात ती हीच.

मी स्कूटरवरच बसून राहते, मांडीवर हेल्मेट,
हेल्मेटवर वही.
एक होडी प्रवाहाच्या दिशेने ताशी बारा,
प्रवाहाविरुद्ध आठ,
तर स्थिर पाण्यात किती?
दहा. हे आता झोपेतही येतं.

परवा कायतान वाकून बघत होता,
दोरखंड टाकणारा.
"थीर उदक खंय आसता गो?"
चार पर्यायांत त्याचं उत्तर नव्हतं.

भरतीला मांडवी उलटी वाहते.
आणि आमची बोट दिशेनेही जात नाही, विरुद्धही नाही,
आडवी जाते,
पोचायचं त्याच्या जरा वर नाक रोखून,
तेव्हा कुठे धक्क्याला सरळ लागते.
हे कुठल्याच धड्यात नाही.

मॉकमध्ये शहाऐंशी पॉइंट चार.
बाबा म्हणाले, म्हणजे पास ना?
आई काहीच विचारत नाही,
इसवणाची शेपटीकडची तुकडी
ताटलीखाली झाकून ठेवते.

परीक्षेला एकवीस दिवस.
साखळी खडखडते, फळी उतरते,
मागून कुणी हॉर्न देतो.
चौथा प्रश्न अर्धा मांडून मी वही मिटते.
क्ष बरोबर, एवढंच लिहिलेलं,
पुढची जागा
अजून ओली, शाईची नव्हे,
पाण्याच्या तुषाराची.