पर्यंत

पापाच्या तिकटीवर माझं दुकान.
नंबरप्लेट, तालमीचे फलक, दूध डेअरीची भिंत,
आणि कळंब्यापुढच्या विद्यापीठातली ती लाकडी पाटी :
कुलगुरूंचं नाव, पासून, पर्यंत.
तिसरा रकाना सावकाश भरायचा,
इतका की मधल्या मधे पांढऱ्याचा डबा वाळून जायचा.

सोमवारी कुलसचिवांचा फोन,
'बशीरभाई, हेरवाडे मॅडमचं पर्यंत लिहून जावा.'
म्हटलं, पासून तर आत्ता लिवलंय की ओ,
चौदा महिनं बी न्हाईत.
तिकडनं नुसता पंख्याचा आवाज.

ग्रंथालयाच्या दारात काळा ग्रॅनाइट.
देणगीदार शेठजींचं नाव वीतभर अक्षरांत,
छिन्नी माझ्या साडूची.
त्यात 'विद्यापिठ' ऱ्हस्व पडलंय.
मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बोट ठेवलं होतं.
शेठजींचा माणूस म्हणाला, राहू दे, दगड महागाचा आहे.

बाकीचं शिपाई राऊत सांगतो, सुपारी कातरत :
रसायनशास्त्राच्या एका पोरीनं
फौंड्रीमागच्या विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणलं,
तपासलं, आकडे छापले.
फौंड्री शेठजींची.
आधी निरोप आला, कागद मागं घ्या.
मग पेढे आले.
मग ग्रंथालयाचा दुसरा हप्ता यायचा थांबला.
मॅडम म्हणाल्या, विहिरी मागं घ्या, मग कागदाचं बघू.

बैठक चहा गार व्हायच्या आत आटपली.
ठरावात 'वैयक्तिक कारणास्तव'.
हात वर केलेल्यांपैकी दोघांची पोरं फौंड्रीत इंजिनियर,
आणि एकाचा हात म्हणे
चष्मा पुसायला वर गेला होता,
तोही मोजला.

मी शिडीवर असताना त्या आल्या.
हातात खोकं, खोक्यात तुळशीची कुंडी
आणि कुणीतरी न परत केलेल्या पुस्तकांची यादी.
'हलतीय की तुमची शिडी.'
खोकं फरशीवर ठेवून
दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या,
वर मी त्यांचीच तारीख काढत होतो.
आठाचा पोट काही बसेना.
दोनदा पुसला.
'गडबड नाही,' खालनं म्हणाल्या.

बिल शेठजींच्या प्रतिष्ठानच्या नावानं काढायचं, तसा नियम.
काढलं. साडेतीनशे, रंगासकट.
शिडी धरल्याची मजुरी
त्यात धरलेली नाही.

खालची ओळ आताच आखून ठेवा म्हणालेत.