थांबलं की गरम

तिघांनी तीनदा गॅस भरला.
चौथा म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, अठरा हजार,
आणि लग्नात आहेराचं पाकीट चाचपावं
तसा बॉनेटवरून हात फिरवला.

मे. चव्वेचाळीस.
दोन हजार चारची झेन, नान्नांची.
आता मी चालवते, ते शेजारी बसतात
एसीच्या जाळीसमोर पालथा हात धरून.
"पळताना बरं येतंय," म्हणतात,
"सात रस्त्याला सिग्नल लागला की संपलं."

हे वाक्य चौघांतल्या एकानंही ऐकून घेतलं नव्हतं.
महिबूब नदाफनं घेतलं.
होटगी रोडला त्याचं गॅरेज, म्हणजे एक लिंब
आणि लिंबाला टांगलेला बल्ब.
"परत सांगा काका. थांबलं की गरम?"
"थांबलं की गरम."
"मग निम्मं काम तुम्हीच केलं की."

दोन नळ्या, दोन घड्याळं, निळं न् लाल.
गाडी उभी, इंजिन चालू.
लाल काटा तीनशेच्या पुढं सरकत गेला,
निळाही असायला हवा त्याच्या वर.
"गॅस कमी असता तर दोन्ही बसले असते.
कॉम्प्रेसर मेला असता तर लाल एवढा चढलाच नसता.
ताकद हाय हिच्यात. वारं कोंडलंय."

मग त्यानं कळशी उचलली,
पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची,
आणि पुढच्या जाळीवर ओतली, सावकाश.
लाल काटा उतरू लागला.
आतून नान्ना तेलुगूत ओरडले,
"वच्चिंदि! वच्चिंदि!"
आलं, आलं.
एका कळशीएवढा गारवा.
मग काटा पुन्हा चढला.

बंपर निघाला.
कंडेन्सर न् रेडिएटरमधल्या बोटभर फटीतून
महिबूबनं चिमट्यानं ओढलं,
ते येतच राहिलं.
"माझा आजा पिंजारी होता, ताई,
पण गाडीतनं गादी निघाल्याली त्यानंबी बघितली नसंल."

नान्ना उतरले. चष्मा कपाळावर.
बोटांत चुरगळून म्हणाले, "दोन वीसचं सूत."
भद्रावती पेठेत, शेडच्या दाराशी,
बाहेर वारा फेकणाऱ्या पंख्याच्या तोंडाला
सतरा वर्षं हिची जागा.
आठ मागांनी टाकलेलं तूस
हिनं ओढून घेतलं.
माग गेले परवाच्या दिवाळीत, भंगारात, किलोवर.
नान्नांनी सही केली होती
आणि चहात साखर कमी आहे म्हणाले होते.

आता ते थर सोडवत बसले.
"हे पांढरं शेवटचं, नॅपकिनचं. पैसे आलेच नाहीत.
हे मरून, मोराची चादर.
हे काळं... हे कुठलं गं?"
मला आठवेना.
"रस्त्याची धूळ हाय काका," महिबूब म्हणाला.
"हां," ते म्हणाले, पण तेही
शर्टाच्या खिशात गेलं.

मागून पुढं बारीक पाण्याचा फवारा,
पात्या वाकू नयेत असा.
तिघांनी कोंबलेला जादा गॅस काढला.
सातशे रुपये झाले.
लाल काटा दोनशेच्या आसपास, मुकाट.

सात रस्त्याला सिग्नल लागला. लांबडा.
आम्ही दोघं बोललो नाही.
नव्वद, ऐंशी, सत्तर.
नान्नांचा हात जाळीसमोर.
चाळीसला त्यांनी तो मागं घेतला,
काखेत घातला, ऊब धरायला.

"डावीकडं घे," म्हणाले,
"त्या अठरा हजारवाल्याच्या दारावरनं.
हळू चालव.
काच खाली कर."