बैठक

हाय विकममध्ये
एके काळी घरटी एक माणूस खुर्च्या करायचा.
आता मी करतो. करतो म्हणजे, मोडलेल्या सांधतो,
डेस्बरो रोडला, टायरवाल्याच्या मागे,
पत्र्याच्या शेडमध्ये.

वर टेकडीवर कुंपण आहे, बीचची झाडं आहेत
आणि आत कुठेतरी
या देशाचं आभाळ सांभाळणारी कचेरी.
तिथे विमान उतरत नाही. धावपट्टीच नाही.
पहिली काही वर्षं मला हे खरंच वाटेना:
हवाई दल म्हणायचं, आणि वर बघावं तर नुसत्या घारी,
तांबूस, दुभंगल्या शेपटीच्या,
दिवसभर गस्तीवर.

परवा तिथली एक बाई आली, सार्जंट मॉरवेना ट्रेगियर.
डिकीत वेताची खुर्ची, बैठक फाटून लोंबलेली.
आजोबांची आहे, म्हणाली, कामावरची नव्हे.
कामावरचीला चाकं असतात.
तिच्यावर रात्रीचे बारा तास काढले की
घरी न हलणारं काहीतरी लागतं.

वर काय करता, मी विचारलं नाही.
इथे कुणीच विचारत नाही, न्हावीसुद्धा.
तीच बोलली, भोकं मोजणाऱ्या माझ्या बोटांकडे बघत:
मेलेले उपग्रह, रॉकेटची टरफलं,
रंगाचे पोपडे, बोल्ट,
कोण कुणाच्या वाटेत येतंय ते बघते.
दिसत काहीच नाही. आकडे असतात.
दोन आकडे जवळ सरकू लागले
की त्याला आम्ही कॉन्जंक्शन म्हणतो.

मला हसू आलं. म्हटलं, आमच्याकडे युती.
शनी-मंगळाची असते, पंचांगात छापून येते,
आई त्या दिवशी उपास धरायची.
‘मग टळायची?’
टळत नाही, म्हटलं. शांत करतात, एवढंच.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, आम्हीही तेच.
ज्याचा उपग्रह त्याला अपरात्री फोन:
जरा सरकून घ्या.
पण मेलेल्यांना सरकता येत नाही.
दोन्ही मेलेले असले, तर नुसतं बसून राहायचं
तीन वाजून सात मिनिटं होईपर्यंत.
आठ झाली की चहा.

माझे वडील मिरजेच्या अंधशाळेत वेत शिकले.
कलेक्टर कचेरीच्या खुर्च्या त्यांच्याकडे यायच्या.
साहेब बदलून जायचे, बैठक अण्णांचीच.
उभी, आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी,
मग दोन तिरक्या.
तिरकी चुकली की वेत वेगळा कुरकुरतो,
ते तिथेच थांबायचे, मान कलती करून.
‘एका भोकातून दोघी जाऊ देत,
पण घासता कामा नयेत.
घासली की तुटलीच, आज नाही तर दिवाळीत.’

त्या कचेरीतून नुसतं राखणंच चालत नसणार,
एवढं मलाही कळतं.
कुठल्यातरी गावावरच्या आभाळाला
इथूनच हुकूम सुटत असेल,
त्या गावातही कुणी ओसरीत बसून
काहीबाही विणत असेल.
हे मी तिला बोललो, की बोललो असं वाटलं.
‘ते माझ्या शिफ्टला नसतं,’ ती म्हणाली,
आणि किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या.
मी वेत भिजत घातला.

आठवड्याने आली. नव्वद पौंड ठरले होते,
ऐंशी घेतले, का कोण जाणे.
शेडमध्येच बसून बघितलं तिने,
आधी काठावर, बिचकत, मग पाठ टेकून.
नवा वेत करकरला, तशी दचकली.
बसतो तो, म्हटलं. त्यालाही वजन कळायला हवं.

तेवढ्यात पत्र्यावर काहीतरी उतरलं,
नखांचा आवाज, आणि वर-वर चाललेली खरखर.
आम्ही दोघांनीही माना वर केल्या.
पत्रा होता. दिसणार काय?
‘घार,’ मी म्हणालो.
ती तशीच वर बघत राहिली. म्हणाली,
‘ही आमच्या यादीत नाही.’